सोडला आणि सुटला

हन्नाबाई,

तुमच्यासाठी जमिनीवर कोण बसणार, हा प्रश्न कबरस्तानातून घरी येईपर्यंत कोणालाच सुचला नव्हता. आपल्या ज्यू लोकांत मेलेल्या माणसासाठी सात दिवस बसायचं ते रक्ताच्या माणसांनी. ज्या भावानं तुम्हाला लढाईनंतर इथं अंबरनाथला आणलं, तो कारखान्यातली केमिस्टची नोकरी संपल्यावर विलायतेला गेला आणि तिथंच वारला. दुसरं कोणी नाही. मी हातपाय धुतले आणि सरळ आमच्या पुढच्या खोलीत चटईवर बसलो. रिबका दारात उभी राहिली.

"अहो, तुम्ही कोण लागता त्यांचे?"

मी काही बोललो नाही. तुम्हाला माझी सवय माहीत आहे, तिलाही आहे. तिनं सुतकाच्या रिवाजाप्रमाणे आरशावर चादर टाकली आणि उकडलेली अंडी माझ्यापुढे ठेवून आत गेली. पण तिचा प्रश्न रास्त होता. मी तुमचा कोण? गेली काही वर्षं मी तुमचा 'मी' वापरत आलो, एवढंच नातं. लोकांपुढे उभं राहून 'मी गेले', 'मी आले', 'मी पाहिलं' असं तुमच्या वतीनं म्हणत आलो. तेवढ्यावर कोणाला बसता येतं असं शास्त्रात कुठं लिहिलेलं नसेल. मी बसलो.

काल सकाळी सातव्यातून उठलो. आज लिहायला बसलो आहे. जे तोंडानं सांगायचं होतं ते लिहितो आहे, हेही तुम्हाला नवं वाटणार नाही.

तुम्ही मराठी शिकायला आलात तेव्हा मी विचारलं होतं, कशाला ही उठाठेव? तुमचं इंग्रजी माझ्यापेक्षा बरं होतं, आणि उल्हासनगरला सिंधी बायकांना शिवण शिकवता शिकवता कामापुरती हिंदीही आली होती. तुम्ही म्हणालात, "तुम्ही लोक देवाशी हिब्रूत बोलता आणि घरात मराठीत भांडता. मला भांडता आलं पाहिजे."

पहिलं भांडण बशीवरून झालं. रिबकाची बशी तुमच्या हातून पडली आणि तुम्ही घाबरून म्हणालात, "मी बशी फुटले." आमची सारा तेव्हा एवढीशी होती, ती हसून लोळायला लागली. मी म्हटलं, "बाई, तुम्ही नाही फुटलात. बशी फुटली."

"पण फोडली मी."

"हो, पण तसं म्हणत नाहीत. बशी फुटली म्हणायचं. फोडली म्हणजे मुद्दाम, आपटून."

तुम्ही तुकडे गोळा करता करता थांबलात. "म्हणजे तुमच्या भाषेत दूध सांडतं, बशी फुटते, गाडी सुटते. सगळं आपोआप. मग करतं कोण?"

"मांजर," आतून रिबका म्हणाली.

तेव्हापासून फुटणं-फोडणं, तुटणं-तोडणं, सुटणं-सोडणं ही आपली रोजची कसरत झाली. तुम्ही वाक्य बोलायचात आणि शेवटी मान जराशी माझ्याकडे वळवून विचारायचात, "बरोबर?" मी बरोबर म्हणायचो, नाहीतर दुरुस्त करायचो. पुढे तुम्ही माझ्या वर्गातल्या पोरांपेक्षा शुद्ध बोलायला लागलात, पण ते 'बरोबर?' काही गेलं नाही. बदलापूरच्या पलीकडून, बारवीकडच्या पाड्यावरून भाजी घेऊन येणाऱ्या काशीबाईलाही तुम्ही ते विचारायचात. ती म्हणायची, "बरुबर हाय बाय, आता पिशवी उघड."

तुमच्या मागच्या आयुष्याबद्दल मी कधी विचारलं नाही. मला विचारता येत नाही. जर्मनांनी युरोपातल्या ज्यूंचं काय केलं ते आम्ही वर्तमानपत्रात वाचलं होतं, आपल्या समाजाच्या हॉलमध्ये त्यांच्यासाठी प्रार्थनाही झाली होती. पण वाचलेलं आणि शेजारी राहायला आलेलं यांत फरक असतो. तुम्ही पहिल्यांदा बोललात ते माझ्याशी नाही, तिकडे कॅम्प पाचमध्ये, शिवणाच्या वर्गात. एका बाईनं सहज विचारलं, इथं यायच्या आधी कुठं होता. तुम्ही म्हणालात, "कैंप में." आता उल्हासनगरात कॅम्प म्हणजे पत्ता. फाळणीनंतर निर्वासितांना लष्कराच्या रिकाम्या बराकी मिळाल्या आणि आख्खं गाव कॅम्पच्या नंबरांवर उभं राहिलं. ती बाई म्हणाली, "अच्छा? कौन से नंबर में?"

तुम्ही इतक्या हसलात म्हणे, की तुम्हाला पाणी द्यावं लागलं. आणि पाणी पिऊन झाल्यावर तुम्ही त्यांना सगळं सांगितलंत. बायकांच्या हातातल्या सुया हातातच राहिल्या.

हे मला लछूदादानं सांगितलं. त्याच बराकीच्या पुढच्या अंगाला त्याचा फोटो स्टुडिओ, मधे नुसता बांबूचा तट्ट्या, त्यानं पलीकडून ऐकलं होतं. लग्नांत चालवायला त्याच्याकडे एक चावीचा फिल्म कॅमेरा होता. तो माझ्या शाळेत आला. "मास्टरजी, इस बाई का फिलम निकालना है."

मी म्हटलं, कशाला?

"साईं, सिंध में मेरे पास पूरे गाँव के चेहरे थे, काँच की प्लेटों पे. भागते टाइम आदमी बर्तन उठाता है, बिस्तर उठाता है. काँच कौन उठाए? अभी बच्चे पूछते हैं, दादा कैसा दिखता था, तो मैं हवा में हाथ घुमाता हूँ."

कॅमेऱ्यात आवाज भरायची सोय नव्हती. तुम्ही बोलणार, नुसते ओठ उमटणार, आणि दाखवताना पडद्याशेजारी उभं राहून मी तुमचं बोलणं सांगणार, असं ठरलं. मी म्हटलं, मग बाई, तुम्ही तुमच्या भाषेत बोला ना, आवाज कुठं येणार आहे. तुम्ही म्हणालात, "माझ्या भाषेत ऐकणारं कोणी उरलं नाही, मास्तर. मी गेल्यावर इथली मुलं माझं तोंड बघतील. त्यांना निदान ओठ ओळखीचे वाटू देत." आणि 'छळछावणी' हा शब्द मी सुचवला तो तुम्ही घेतला नाहीत. "कॅम्पच म्हणा. या बायकांना तो कळतो."

बराकीच्या ओट्यावर, दिवसाच्या उजेडात, तुम्हाला बसवलं. चावी दिली की कॅमेरा थोडा वेळ चालायचा, मग कुरकुरत थांबायचा. लछूदादा हात वर करायचा, "बस बाई, चावी खतम." तुम्ही वाक्याच्या मधे थांबायचात, तो चावी भरायचा, आणि तुम्ही तुटलेल्या शब्दापासून पुढे. वडिलांचं बटणांचं दुकान. शाळेतून काढून टाकलं तो दिवस. गुरांच्या डब्यातला प्रवास. मी कॅमेऱ्याच्या शेजारी उभा राहून तुमचं प्रत्येक वाक्य पाठ करत होतो. लिहून घेतलं नाही. मास्तरला पाठांतराची घमेंड असते.

मग एवा. तुमची धाकटी बहीण. गाडीतून उतरवून सगळ्यांना रांगेत उभं केलं होतं, धडधाकट माणसं एका बाजूला, बाकीची दुसऱ्या. दुसऱ्या बाजूची पुन्हा दिसत नसत. तुम्ही म्हणालात, "एवा खोकत होती. तो माणूस आमच्याकडे वळला. मी तिचा हात सोडला."

आणि सवयीनं मान जराशी वळवून, मी उभा होतो तिकडे बघून, "बरोबर?"

चावी तिथंच संपली. मी काही बोललो नाही. लछूदादानं चावी भरेपर्यंत तुम्ही पुढच्या गोष्टीवर गेला होतात.

पडदा तुमच्या वर्गातल्या बायकांनी दोन चादरी जोडून केला. जोड नेमका मधोमध आला, तुमच्या कपाळावरून नाकावर, तिथून हनुवटीवर. लछूदादा तेवढ्यावरून त्यांना फार बोलला. आपल्या हॉलमध्ये पहिल्यांदा फिल्म लावली तेव्हा मी "मी शाळेत जात होते" म्हणताच पोरं फिसकन हसली. मास्तर बाईसारखे बोलतात. थोड्या वेळानं हसू आपसूक बंद झालं, आणि मीही त्या 'होते'ला, 'गेले'ला सरावलो. खरं सांगू? त्यांचा आधार वाटायला लागला. हा मी नाही, ही बाई बोलते आहे, असं क्रियापदच लोकांना सांगत होतं.

आणि मग ते वाक्य आलं. मी तिचा हात सोडला. त्यात बाई नाही, बुवा नाही. जो म्हणेल त्याचं ते वाक्य. समोर माझी म्हातारी आई बसली होती, रिबका होती, पुढे मांडी घालून सारा आणि तिच्या मैत्रिणी. पडद्यावर तुमचे ओठ हलले आणि माझ्या तोंडून आलं, "गर्दीत तिचा हात सुटला."

'बरोबर?' आलं तिथं मी गप्प राहिलो.

घरी जाताना मी स्वतःची समजूत घातली. व्याकरण दुरुस्त केलं, बाईंचं रोजच तर करतो. पण ते व्याकरण नव्हतं. सोडला आणि सुटला यांतला फरक तोवर तुम्हाला माझ्याइतकाच कळत होता. आणि 'गर्दी' तर तुम्ही म्हणालाच नव्हतात. ती मी आणली. सुटायला गर्दी लागते.

तुम्ही फिल्म बघायला येत नसाच. "मी तिथं होते, पुन्हा कशाला?" त्यामुळे ते खपून गेलं. बदलापूरला एका शाळेच्या पटांगणात दाखवली तेव्हा काशीबाई रिकामी टोपली शेजारी ठेवून अगदी पुढे बसली होती. संपल्यावर माझ्याकडे आली.

"मास्तर, मंग बायची भन गावली का?"

हात सुटला म्हटल्यावर माणूस हेच विचारणार. जत्रेत पोर सुटतं, मग गावतं. मला तिथंच थांबता आलं असतं. मी म्हणालो, "शोधतायत."

तिनं आपल्या देवीला नवस केला. मला ते माहीत नव्हतं. तुम्हालाही नव्हतं, एका सकाळी तिनं तुमच्या दारात टोपली उतरवून विचारलं तोपर्यंत. "गावली का गं भन? मी कोंबडं बोललंय देवीला."

तुम्ही भाजीची पिशवी हातात घेऊन तशाच आमच्याकडे आलात. मी दाढी करत होतो.

"मास्तर, तुम्ही लोकांना काय सांगता?"

मी सांगितलं. खाली बघून सांगितलं.

"माझं मराठी चुकलं होतं का?"

"नाही. पण समोर मुलं असतात, बाई. तुमच्याबद्दल काय वाटेल त्यांना?"

"जे वाटायचं ते."

"अहो, तुम्ही काय करणार होतात? तुम्हालाही त्यांनी त्याच बाजूला…"

"ते मी रोज स्वतःला सांगते. ते तुम्ही नका सांगू."

"मी तुम्हाला वाचवत होतो."

"मी वाचले आहे, मास्तर. तेच तर झालंय."

स्वयंपाकघरातला स्टोव्ह रिबकानं बारीक केला, मला आठवतं. तुम्ही पिशवी खाली ठेवलीत आणि माझ्याच वर्गात बसल्यासारखं सावकाश, एकेक शब्द जुळवत बोललात. "हात सुटला म्हटलं की तिथं कोणीच नव्हतं. नुसते हात होते. सोडला म्हटलं की मी होते, एवा होती, तो माणूस होता. तिला शेवटचं पाहिलं ते मी. मलाच तुम्ही तिथून काढून टाकलंत, तर एवा कुठं राहिली?"

या वेळी तुम्ही 'बरोबर?' विचारलं नाही.

मी कबूल केलं, पुढच्या वेळी जसंच्या तसं म्हणेन. काशीबाईलाही मीच सांगेन. "हो, ते तुमचं काम आहे," तुम्ही म्हणालात आणि रिबकानं दिलेला चहा न घेता गेलात.

काशीबाईला मी सांगितलं नाही. पुढची वेळ कॅम्प पाचमध्ये आली, तुमच्याच वर्गाच्या बायकांसमोर. मी मनात वाक्य घोकत गेलो होतो. एवा खोकत होती म्हणालो, तो माणूस आमच्याकडे वळला म्हणालो. आणि म्हणालो, "गर्दीत तिचा हात सुटला." भीती कसली होती, हे मी या सात दिवसांत पुष्कळ शोधलं. लोक तुम्हाला नावं ठेवतील याची नव्हती. त्या बायकांनी कोणाकोणाचे हात कुठं कुठं सोडले होते ते त्यांना माहीत, त्या कशाला नावं ठेवतील. मला ते वाक्य माझ्या आवाजात ऐकायचं नव्हतं, इतकंच. ते ऐकलं असतं तर हे माणसाला करता येतं, मलाही येईल, हे कबूल करावं लागलं असतं.

परतताना सारा म्हणाली, "बाबा, हन्नामावशी सुटला नाही म्हणत."

"मग काय म्हणते?"

"सु म्हणताना ओठांचा चंबू होतो. तिचे ओठ गोल उघडतात. आणि नंतर ती काहीतरी विचारते. त्यात ब आहे, दोनदा ओठ मिटतात."

"अंधारात तुला काय कळतंय," मी म्हणालो. ती गप्प झाली. माझीच मुलगी ती. पण तुम्ही म्हणाला होतात ना, मुलांना ओठ ओळखीचे वाटू देत. तेवढं तुमच्या मनासारखं झालं.

मग तुम्हाला खोकला लागला. छातीचं दुखणं निघालं, दवाखान्यात ठेवलं. मी भेटायला आलो तेव्हा तुम्ही माझा हात धरलात आणि दुसरं काही न विचारता म्हणालात, "आता कसं म्हणता?"

"सोडला म्हणतो," मी म्हणालो.

"बरोबर?"

"बरोबर."

तुम्ही डोळे मिटलेत. तुमचा विश्वास बसला की नाही, हे मला कधीच कळणार नाही. पुन्हा खोकल्याची उबळ आली. पाणी देतो म्हणून मी हात काढून घेतला, पाणी दिलं, आणि शाळेची वेळ झाली म्हणून निघालो. वेळ झाली नव्हती. त्यानंतर मी आलो नाही. रिबका डबा घेऊन येत होती, मी तिला तुमची तब्येत विचारायचो. सात दिवस माणसं येऊन मला विचारत होती, शेवटी भेट झाली का? मी सांगत होतो, राहून गेली. बघा, पुन्हा तेच. राहून गेली. मी गेलो नाही, बाई.

काल संध्याकाळी हॉलमध्ये फिल्म लावली. लछूदादा मशीन घेऊन आला, पडद्याच्या चादरी तुमच्या वर्गातल्या बायकांनी धुऊन इस्त्री करून आणल्या होत्या. आपली मंडळी, कॅम्पातल्या बायका, पुढे काशीबाई, तिच्या शेजारी सारा. चादरीवर तुम्ही आलात, तो जोड नाकावर घेऊन. बटणांचं दुकान झालं. गुरांचा डबा झाला. मी खाली बघितलं नाही, तुमच्या ओठांकडेच बघत राहिलो.

"एवा खोकत होती. तो माणूस आमच्याकडे वळला. मी तिचा हात सोडला."

आवाज माझाच होता. हॉलमध्ये मशीनची घरघर तेवढी चालू होती. पडद्यावर तुम्ही मान वळवून माझ्याकडे पाहिलंत, आणि तेही मी म्हटलं, पहिल्यांदाच. "बरोबर?" मग चावी संपते तिथला पांढरा उजेड सगळ्यांच्या तोंडावर पडला आणि गेला.

सगळं संपल्यावर काशीबाई माझ्यासमोर आली.

"म्हंजे ती गावायची नव्हतीच?"

"नाही, काशीबाई."

"मंग तू शोधतायत का म्हनलास?"

"खोटं बोललो."

"मी कोंबडं राखलं व्हतं," ती म्हणाली आणि टोपली काखेत मारून चालती झाली. यापुढे ती आमच्या दारात थांबेल की नाही, माहीत नाही. न थांबली तर तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

सारा आणि मी चादरींची घडी घालत होतो. दोन टोकं तिच्याकडे, दोन माझ्याकडे.

"बाबा, पुढच्या वेळी मी बोलू? तुम्ही गेले-आले म्हणता ते अजून विचित्र वाटतं."

"बोल."

"मला सगळं पाठ आहे." तिनं टोकं माझ्या हातात आणून दिली. "पण मावशी ते 'बरोबर?' कोणाला विचारते?"

"मला."

"मग तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

काहीच म्हणालो नाही, असं मी तिला सांगितलं.

वाक्य बरोबर आहे, बाई. त्यातलं एक अक्षर बदलायचं नाही.